धूर मागच्या अंगानं

शनिवार, १ नोव्हेंबर

अखेर घर मिळालं, आणि तेही भट्टीसकट. सकाळी साडेसातच्या एसटीनं नांदेडहून निघाले, लोह्याला चहा घेतला आणि दहाच्या आत अहमदपूरच्या स्टँडवर उतरले. दोन बॅगा, एक वळकटी आणि मांडीवर अवजारांची पेटी. आईनं दिलेल्या दशम्या वाटेतच संपल्या.

सोमवारी इथल्या निवासी शाळेत कलाशिक्षिका म्हणून रुजू व्हायचं आहे. पत्र दिवाळीआधीच आलं होतं; अडलं होतं ते घरापायी. गेली सहा वर्षं मी नांदेडला मुलांना मातीकाम शिकवते. विजेवर चालणारी माझी भट्टी माझ्याबरोबर येणार, हे मी प्रत्येक घरमालकाला आधीच सांगत होते, आणि भट्टी म्हटलं की लोकांचे चेहरे बदलत होते. एकानं तर सरळ विचारलं, बाई, दारू गाळणार का. पाच जणांनी नाही म्हटलं. सहावे भुजंगमामा. जिनिंग मिलमध्ये तीस वर्षं फिटर होते, यंत्राला बिचकत नाहीत. भट्टी केवढी, किती तापते, धूर कुठून जातो, एवढं विचारलं आणि म्हणाले, "आणा की. मागची खोली तशीच पडून हाय."

घर गावाच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये. आजूबाजूचे प्लॉट अजून मोकळे, नुसते दगड रोवलेले. पुढं मामा-मामी राहतात, मधे अंगण, पलीकडं माझ्या तीन खोल्या. स्वयंपाकाची, झोपायची आणि तिसरी मागची, जिथं भट्टी बसेल. तिला खिडकी नाही, छताला लागून एक वीतभर झरोका आहे, आणि दार लोखंडी. तिच्या मागच्या भिंतीला लागून मामांचं जुनं बियाण्याचं गोदाम, त्याचं दार पलीकडच्या बोळात. ते कधीचं बंद आहे, म्हणाले.

मामींचं नाव धुरपताबाई. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. त्यांच्या बैठकीत एका तरुणाचा हार घातलेला फोटो आहे.

ही वही भट्टीच्या नोंदींसाठी घेतली होती. रोजनिशीही हिच्यातच लिहायची असं ठरवलं. पहिल्या पानावर नाव घातलं, शिवकन्या, आणि खूप बरं वाटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शाळा आवडली. मुलं तांड्यांवरची, वाड्या-वस्त्यांवरची. मातीला हात लावायला लाजत नाहीत. २८ तारखेला लातूरला प्रदर्शन आहे आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या वस्तू पाठवायचं कबूलही करून टाकलं. म्हणजे तेवीसच्या रविवारी सगळं भाजून निघायला हवं.

मेसमध्ये रत्नम्माबाई स्वयंपाक करतात. उदगीरच्याही पलीकडच्या, बोलताना मधेच कानडीत शिरतात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी जास्तीची भाकरी वाढली आणि कुठं राहता विचारलं. भुजंगमामांचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, लई सोसलं त्या घरानं. मुलगा व्यंकटी गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेला. मोटारसायकलवरून पडला म्हणतात. त्याची बायको महादेवी, बीदरकडची, तेराव्याच्या आतच घर सोडून गेली. माहेरीही पोचली नाही. गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं.

घरी आल्यावर मामींकडं बघताना वेगळंच वाटलं. बिचारी बाई दिवसभर काही ना काही धूत असते.

रविवार, ९ नोव्हेंबर

भट्टी आली! टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. मामांनी स्वतः लाकडी ओंडके टाकून, पहार लावून ती सरकवत नेली, कुठं खरचटू दिली नाही. लोखंडी स्टँडवर बसवली, तिन्ही भिंतींपासून दीड फूट लांब, मागं सिमेंटची शीट. आता खोलीत ती आणि मी मावू एवढीच जागा आहे.

विजेचं काम वकारभाई करतात. स्टँडजवळ दुकान आहे, चाळिशीचे, कमी बोलतात आणि प्रत्येक स्क्रू दोनदा आवळतात. थ्री फेजची वेगळी लाइन ओढली, अर्थिंगला कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला. मेन स्विच आणि भट्टीचं कंट्रोल पॅनल खोलीबाहेर पॅसेजमध्ये बसवलं, म्हणजे आत काही पेटलंच तर बाहेरूनच बंद करता येईल. तार लोखंडी नळीतून घेतली. असं पक्कं काम नांदेडलाही कुणी करून दिलं नव्हतं.

चहाला सगळे अंगणात बसलो. मामांनी विचारलं की विजेच्या भट्टीला कसला आलाय धूर. मी उत्साहानं सांगत सुटले. मातीत काडी-कचरा असतो, मी तर कागदाचा लगदाही मिसळते, म्हणजे मुलांच्या वस्तू तडकत नाहीत. ते सगळं आतल्या आत जळतं. धूर दिसतो तो काहीच नाही. न दिसणारा वायू असतो तो वाईट. कोंदट खोलीत माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. म्हणून भट्टीखालून पंख्यानं ओढून पाइपनं बाहेर काढायचा.

मामा लक्ष देऊन ऐकत होते. विचारलं, त्याला वास येतो का. मी म्हणाले, नाही. विचारलं, किती वेळ लागतो. मी हसून म्हणाले, खोली केवढी त्यावर आहे.

मी पाइप झरोक्यातून रस्त्याच्या बाजूला काढणार होते. मामा म्हणाले, पुढून नको, उद्या प्लॉटवाले बोंबलतील. "धूर मागच्या अंगानं काढू. गोदाम रिकामंच हाय, वर पत्रे न्हाईत, जाईल उडून." सरळ जाणारा पाइप केव्हाही चांगला. मी लगेच हो म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर वकारभाईंनी मशीन लावून मागच्या भिंतीला चार इंची भोक पाडलं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. शेवटचा विटेचा तुकडा पलीकडं ढकलला, पण पडल्याचा आवाज आला नाही. पलीकडं काहीतरी मऊ असावं, पोती वगैरे. वकारभाई खाली वाकून बघत म्हणाले, "म्याडम, वर पत्रे नाहीत म्हणतात, मग उजेड कसा नाही?" पाचच वाजले होते, बाहेर चांगलं ऊन होतं.

तेवढ्यात मामा आले आणि वकारभाईंना मोटारीचा स्टार्टर बघायला घेऊन गेले. मलाही मामींनी चहाला खुणेनं बोलावलं. परत आलो तर वकारभाईंना स्टार्टरपाशी सोडून आलेले मामा पाइप घालून, भोवती सिमेंट लावून, लिंपून मोकळे. फिटरचा हात. वकारभाई त्या सिमेंटकडं थोडा वेळ बघत राहिले, मग सामान आवरलं. घरी बायको, कमरुन्निसा, दुपारपासून जेवायची थांबली असेल, म्हणाले.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिली भाजणी. सकाळी आठला भट्टी सुरू. आत फक्त वीस-पंचवीस पणत्या, चाचणीपुरत्या. मामांनी काल दोन पोती भाताचा भुसा आणून दिला. कुंभार मातीत घालतात, तुम्हीही घाला म्हणाले. थोडा घातला. पणत्या हलक्या होतात.

१० वाजता १८० अंश. ११.३० ला ३१०, जळक्या कागदाचा वास, पंखा छान ओढतोय. खोलीत काही साचत नाही.

दोनच्या सुमाराला पाइपमधून खोकल्यासारखा आवाज आला. दोनदा, मग बराच वेळ, मग थांबला. मी अंगणात जाऊन मामांना सांगितलं. ते बाजेवर बसून पहारीचं टोक दगडावर घासत होते. म्हणाले, कबुतरं हायेत, घुमतात. आता कबुतर खोकतं का? पण गोदामात दुसरं काय असणार.

सहाला ९६० अंश. बंद केली. एकही पणती तडकली नाही. आईला फोन करून पाऊण तास बोलले.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

भट्टी पूर्ण भरलेली. एक्केचाळीस मुलांचं काम: बैल, चुली, कणग्या, एका मुलीनं केलेली अख्खी एसटी. माती भुशाची आणि लगद्याची. आठला सुरू केली. अकरापर्यंत २९०, पाइप हाताला गरम, धूर भरपूर.

सव्वाअकराला खोकला. या वेळी थांबला नाही. मग पाइप हलला. आधी वाटलं पंख्यामुळं, पण कुणीतरी पलीकडून धरून हलवावा तसा. सिमेंटचे कण खाली पडले. पत्र्यावर नख ओढल्यासारखं खर्र खर्र. आणि मग शब्द. "बागला तेगी." परत परत, घशातून, बाई की पुरुष ते कळेना. बागला तेगी. बागला तेगी.

मी बाहेर पळाले आणि पॅनलवर पंखा बंद केला. मामा पॅसेजमध्येच उभे होते, पॅनलसमोर. मी म्हणाले, पलीकडं कुणीतरी आहे. ते अगदी शांतपणे म्हणाले की बोळात मेंढरंवाले उतरलेत, कानडी मुलखातले, त्यांची बडबड असते. पंखा का बंद केला विचारलं. आणि स्वतः हात पुढं करून चालू केला.

मी भट्टीही बंद करू शकले असते. तेव्हा ३४० अंश झाले होते. आता थंड केली तर अर्धीकच्ची माती तडकणार, शुक्रवारी लातूरला न्यायला काही उरणार नाही, हेच डोक्यात होतं. मी बोळात जाऊन बघू शकले असते. गेले नाही. मेंढरंवाले म्हणाले ना, असं स्वतःला सांगितलं आणि मोबाइलवर गाणी लावून अंगणात बसले.

दीडनंतर पलीकडून काही आवाज आला नाही.

सगळ्या वस्तू उत्तम निघतील असं वाटतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मेसमध्ये रत्नम्माबाईंना सहज विचारलं, बागला तेगी म्हणजे काय. पीठ मळता मळता म्हणाल्या, "दार उघड. आमच्यात असंच म्हणतेत."

महादेवी बीदरकडची होती.

बोळात जाऊन आले. मेंढरं नाहीत, लेंडीसुद्धा नाही. गोदामाच्या दाराला दोन कुलपं. दाराच्या तळाशी एक झडप आहे, ताट सरकेल एवढी. दोन्ही कुलपांना तेल घातलेलं.

आणि वर पत्रे आहेत. सगळे.

मामा दारात उभे होते, कुठं गेला होतात विचारलं. मी म्हणाले, फिरायला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी ११

शाळेत रजा कळवली. मामा साडेदहाला धान्याच्या मोंढ्यात गेले. मामी मोरीत कपडे धुतायत.

पाइप काढला. भोवतीचं सिमेंट पलीकडून पोखरलेलं आहे, विटांच्या सांध्यातला चुना निघालाय. मोबाइलचा उजेड भोकात धरला. आधी काही दिसलं नाही, मग समजलं की जे दिसतंय तो डोळा आहे. ती भोकाला तोंड लावून पडली होती. ओठ फुटलेले, केस चिकटलेले, एक डोळा सुजून बंद.

पाण्याची बाटली आत सरकवली. तिनं बाटली सोडून माझं मनगट धरलं. नुसत्या हाडांच्या हातात एवढी ताकद कुठून आली. नखं कातड्यात गेली. खांद्यापर्यंत मला भिंतीला ओढलं, मी ओरडले तरी सोडलं नाही, आणि मोबाइल हातातून निसटून पलीकडं पडला. काच फुटली, उजेड गेला. मग ती मराठीत बोलली.

"धूर तूच सोडतीस न्हवं?"

नखं रुतवून हात सोडवून घेतला. डाव्या मनगटाला चार खड्डे पडलेत, रक्त थांबत नाही, फडकं बांधून घड्याळ उजव्या हातात घातलंय. वही पाइपमागं ठेवते. वकारभाईंच्या दुकानात जाते.

दुपारी १.३०

वकारभाई मेले.

लिहिते. कुणाला तरी हे सापडलं पाहिजे.

दुकानात सांगितल्यावर ते म्हणाले, मला त्याच दिवशी शंका आली होती म्याडम, मीच गप राहिलो. हातोडी आणि छन्नी घेतली. पोलिसांना फोन लावला, तिकडून गाडी बाहेर आहे, येते म्हणाले. ते म्हणाले, तोवर कुलूप तर तोडू, आत माणूस आहे.

बोळात आलो. पहिलं कुलूप दोन घावांत तुटलं. आतून ती दारावर धडका देत होती. वकारभाई तिला म्हणत होते, हां बेटी, हां, हो गया. दुसऱ्या कुलपावर छन्नी लावली. मी बोळाच्या तोंडाकडं बघत होते. मामा त्या बाजूनं आलेच नाहीत. ते कंपाउंडवरून आले.

पहार आडवी फिरवली. कानशिलावर. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज. वकारभाई खाली बसले, हात डोक्याला लावून बघितला, माझ्याकडं बघितलं. दुसरा घाव त्या हातावरच बसला. बोटं मोडली. तिसऱ्यानंतर त्यांचा चेहरा राहिला नाही. मामा मोजून मारत होते, घाई नाही, मिलमध्ये पाचर ठोकावी तसे.

मी पळाले नाही. मामांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला अंगणातून फरफटत आणलं. गुडघे सोलले. पॅसेजच्या उंबऱ्यावर डोकं आपटलं. मामी मोरीतून बघत होत्या. त्यांनीच मामांना फोन करून बोलावलं असणार. त्यांनी नळ बंद केला, उठून बादली घेतली आणि बोळाकडं गेल्या.

मागच्या खोलीत ढकललं. लोखंडी दाराला बाहेरून कडी, कुलूप.

१.५०

मामा एकदा दार उघडून आत आले. पहार हातात. मी कोपऱ्यात. त्यांनी भट्टीतल्या मुलांच्या वस्तू काढल्या नाहीत, त्यांच्यावरच टायरची ट्यूब कापून टाकली, रबरी चपला टाकल्या, उरलेला भुसा ओतला. भट्टीचं दार लावून त्याला साखळी घातली, कुलूप घातलं. जाताना फक्त म्हणाले की तुम्हीच शिकिवलं, बाई.

झरोक्यात बाहेरून पोतं कोंबलं, आता उजेड बल्बचाच.

पॅसेजमध्ये पॅनलचं बटण वाजलं. भट्टी गुणगुणायला लागली. पंखा नाही लावला.

२.१०

तार नळीत आहे, ओढता येत नाही. साखळी तुटत नाही. भट्टीतल्या फळ्या उचलायची सळई आहे, तिनं दाराच्या बिजागरीला घाव घातले, काही होत नाही.

बोळात वकारभाईंचा फोन वाजतोय. थांबतो, परत वाजतो. कमरुन्निसा असेल. जेवायची वेळ.

मामी दाराबाहेर येऊन बसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलल्या. अगदी सपाट आवाजात, गहू निवडताना बोलावं तसं. व्यंकटीला वेगळं राहायचं होतं, लातूरला जायचं होतं. बापानं पहारीनं मारलं. मारायचं नव्हतं, म्हणाल्या, पण मारलं. मग गाडीसकट खड्ड्यात नेऊन टाकलं. महादेवीनं बघितलं होतं.

"मी त्यांला व्यंकटीची आण घातली. तिच्या अंगाला हात लावायचा न्हाई म्हणून. त्यांनी लावला न्हाई."

मी म्हणाले, मामी, दार उघडा. त्या म्हणाल्या, तुम्ही भट्टीचं बोलायला आलात तवाच ते म्हणले, आता आपल्याला काई करावं लागत न्हाई.

मग उठून गेल्या. बादलीची कडी वाजली.

२.३०

रबराचा वास. काळा धूर भट्टीच्या दाराच्या फटीतून. खाली पडून लिहितेय. भोकाला तोंड लावून श्वास घेते. पलीकडून तीही. तिचा श्वास माझ्या तोंडावर येतो. आंबूस, गरम. आम्ही आळीपाळीनं —

मी माफी मागितली. ती ताटाच्या काठानं विटा खरवडतेय. अॅल्युमिनियमचं ताट असावं, तसा आवाज. मी सळईनं अलीकडून खणते. एक वीट निघाली. दुसरी हलतेय.

२.४५

दुसरी निघाली. डोकं जाईल का. खांदे नाही जाणार.

डोकं फुटतंय. ओकले. अक्षरं, घड्याळाचे काटे दोन-दोन दिसतात. भट्टीच्या भोकातून आत तारा लाल झालेल्या दिसतायत.

पोलिसांची गाडी नाही आली.

किती वाजले माहीत नाही

तिकडं कुलूप वाजलं. मामा. खणल्याचा आवाज ऐकू गेला असणार. किंवा बघायला की संपली का.

तिनं ताट खाली ठेवलं. निघालेली वीट उचलली. दाराच्या बाजूला गेली.

दार उघडलं. एवढा उजेड. मला भोकातून दिसतंय —

वीट तोंडावर. मामा गुडघ्यावर. दात पडले जमिनीवर. त्यांनी तिचा पाय धरला. आता लावला हात. तिनं त्यांची पहार उचलली. दोन्ही हातांनी. तिला पेलत नव्हती, पडू दिली, नुसती पडू दिली त्यांच्यावर. परत उचलली. परत. ते ओरडत होते. मग पाण्यात मारल्यासारखा आवाज. ती थांबत नाही. थांबत नाही.

मी हाक मारली, महादेवी. तिनं वळून भोकाकडं बघितलं. चेहराभर रक्त. कुणाचं ते —

त्यांच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. गेली. पहार घासत नेली.

हवा येतेय थोडी. तिकडचं दार उघडं आहे. तोंड भोकातच ठेवते.

अंगणात मामींचा आवाज. अगं, मी तुला जेवू घालत होते, रोज जेवू घालत होते —

आता नाही आवाज.

बादली लवंडली.

पॅसेजमध्ये पहार घासतेय फरशीवर. जवळ.

मी म्हणाले, भट्टी बंद कर, बाहेर लाल बटण आहे. तिनं बंद केली नाही.

चावी लावतेय. लागली नाही. दुसरी.

मी म्हणतेय, महादेवी, मी आहे, शिवकन्या, मी वकारभाईंना आणलं, मीच आणलं. दाराखालच्या फटीतून पाय दिसतात, लाल, अनवाणी.

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं.

तिनं विचारलं, कवा न्हवतं माहीत.

पहिल्या रविवारी, म्हणाले. पहिल्या रविवारी मला खरंच वाटलं की कबुतरं —

ती म्हणाली, आन दुसऱ्या?

कुलूप निघालं. दुसऱ्या रविवारी मी —